टायएवढी खिडकी

मी पडदे शिवते. लोकांच्या खिडक्या मोजता मोजता माणसं मोजायची सवय लागते. रस्त्यावरून दिसणाऱ्या खिडकीला भारीतलं कापड आणि आतल्या खोलीला जुनी चादर, असा कारभार कुणाकडे आहे ते मी दारातूनच सांगते. नवरा म्हणतो, "तुझ्यासमोर कुणी बसलं की आधी तू त्याची रुंदी काढतेस." काढते, खोटं कशाला बोलू. एकाच माणसाची कधी काढली नाही. तो घरचाच होता.

त्याला मी भावजी म्हणायचे. सख्खा दीर नव्हे, नवऱ्याचा को-पायलट. समोर असताना अहो-जाहो करायचे, आता एकेरीतच सांगते. तेवढी वसुली तरी माझ्या हातात आहे.

नवरा एका लहान विमान कंपनीत कॅप्टन. पंख्यांची विमानं, आडबाजूची गावं, निम्मे प्रवासी तोंडओळखीचे. विमानात पुढे दोन खुर्च्या असतात, डावी कॅप्टनची, उजवी को-पायलटची. डावीकडच्याच्या कोटाच्या बाहीवर चार सोनेरी पट्ट्या, उजवीकडच्याच्या तीन. भावजी नवा होता तेव्हा आडवा वारा असला की त्याला विमान उतरवता येत नसे. आदळत, आपटत एकदाचं थांबलं की प्रवासी टाळ्या वाजवायचे, आणि हा खूश होऊन मागे बघायचा. नवऱ्याने त्याला शिकवलं. पुढे कॅप्टन करण्यासाठी त्याची शिफारस केली, आणि ती चौथी पट्टी त्याच्या कोटाला मी शिवली. सतत नवऱ्याच्या मागेमागे असायचा म्हणून बाकीचे वैमानिक त्याला शेपूट म्हणत. तो चिडत नसे. म्हणे, "शेपटाशिवाय विमान सरळ जातं का?"

या लोकांचे दोन नियम आधी सांगते. विमान एका वेळी एकाच्याच हातात असतं. बदल करायचा तर घेणारा म्हणतो, "कंट्रोल माझा." देणारा म्हणतो, "कंट्रोल तुझा," आणि हात उचलतो. सुरुवात कुणीही करो, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय बदल पुरा होत नाही. आणि एकदा दिलं की मध्येच हात घालायचा नाही. हे नवऱ्याच्या इतकं अंगात मुरलेलं की मी त्याच्या हातातला झारा घेताना "कंट्रोल माझा" म्हटलं तर तो दोन पावलं मागे सरायचा, आणि मग डोळ्यांदेखत भाजी करपली तरी बोलायचा नाही. दुसरा नियम, दहा हजार फुटांच्या खाली कामाशिवाय एक शब्द नाही. घरात माझं तोंड सुरू झालं की हा पेपरमागून म्हणायचा, "आपण दहा हजारांच्या खाली आहोत."

मग आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. मोठ्यांकडे जेट विमानं. संसार एक झाला असं जाहीर झालं. फक्त भांडी कुणाची वापरायची आणि कुणाची माळ्यावर टाकायची ते ठरायचं होतं. आमची पंख्यांची विमानं माळ्यावर जाणार हे लगेच कळलं. प्रश्न राहिला ती चालवणाऱ्यांचा. कंपनी म्हणे, जेट येत नाही तो आमच्याकडे कॅप्टन कसा? उजवीकडे बसा, शिका, नंबर लागला की बघू. आमच्या वैमानिकांची मागणी साधी होती: जो ज्या खुर्चीत आहे तो त्याच खुर्चीत राहील, आणि जेटचं शिक्षण कंपनी देईल. नवऱ्याने पन्नाशी ओलांडलेली. त्याचा नंबर लागेपर्यंत निवृत्तीचा हारच गळ्यात पडला असता. डावी खुर्ची एकदा गेली की गेली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून आम्ही त्याविषयी बोलत नव्हतो.

वाटाघाटींना आमच्या बाजूने तिघं. नवरा प्रमुख. को-पायलटांच्या वतीने एक चष्मेवाला, जो प्रत्येक बैठकीत पगारवाढीचं पान आधी उघडायचा. तिसरी जागा रिकामी होती, ती नवऱ्याने भावजीसाठी राखून ठेवली, कारण भावजी तेव्हा जेट शिकायला गेला होता.

तेही ऐका. कंपनीने नमुन्यादाखल आमच्या काही कॅप्टनांना जेटच्या शिक्षणाला बोलावलं होतं, त्यात नवऱ्याचं नाव पहिलं. तारखा नेमक्या पहिल्या बैठकांवर आल्या. भावजी घरी आला, पाणी न पिताच म्हणाला, "दादा, तुम्ही गेलात तर इथे आमच्यासाठी भांडणार कोण?"

"मग तू जा माझ्या जागी. मी पुढच्या तुकडीत जाईन."

"मी? छे छे, दादा. तुमची जागा मी घेऊ?"

असं तीन-चारदा छे छे करून, जेवून, झोप काढून, संध्याकाळी तो बॅग भरायला गेला. पुढची तुकडी निघालीच नाही.

तो शिकून आला आणि नवऱ्याच्या शेजारी वाटाघाटींना बसू लागला. त्याच सुमाराला त्याची बायको माझ्याकडे आली. तिला मी धाकटी म्हणते. वयाने लहान, आणि कुठलंही काम दुसऱ्याच्या गळ्यात कसं घालायचं यात फार मोठी. तिच्या भावाने घर घेतलंय, त्याचे पडदे हवेत म्हणाली. मोबाइलवर मापं दाखवली. दोन चांगल्या ऐसपैस खिडक्या, आणि एक दाराजवळची, उंचीला माणसाएवढी अन् रुंदीला वीतभर.

मी म्हटलं, "अगं, ही खिडकी आहे का टाय?"

धाकटी हसली. जरा जास्तच वेळ हसली. "असतात ना ताई, काही काही घरांत."

हिरवट राखी कापड तिनेच निवडलं. शिलाई मी घेतली नाही. घरच्यांकडून कुठे घ्यायची.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी शेवटची बैठक झाली. नवरा घरी आला तो बूट न काढता खुर्चीत बसला. काय झालं ते मी त्याच्याकडून दोरा ओढावा तसं ओढून काढलं.

कंपनीचा साहेब गोड बोलणारा. त्याने शेवटी एक अट पुढे सरकवली: करार होईल त्या दिवशी ज्याला जेट येतं तो कॅप्टन, बाकी सगळे उजवीकडे. बदल्यात को-पायलटांना घसघशीत पगारवाढ. चष्मेवाल्याचा चष्मा चमकला. नवऱ्याचं डोकं तापलं. तो उठणारच होता, उठून सगळं मोडणार होता. तेवढ्यात भावजीने त्याच्या बाहीला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "कंट्रोल माझा."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, कंट्रोल तुझा."

"आणि हात उचलले."

"मांडीवर ठेवले," नवरा म्हणाला.

किती वादळांत त्यांनी हे केलं असेल. एक दमला की दुसरा घ्यायचा. नवऱ्याला वाटलं, हा आता थंड डोक्याने वेळ मागून घेईल. भावजीने साहेबाकडे बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे. मान्य." तिघांपैकी दोघांच्या सह्या पुरत होत्या. भावजीने केली, चष्मेवाल्याने केली. नवरा बघत राहिला. मध्ये हात घालायचा नसतो.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कंट्रोल त्याचा होता."

"अहो, ते टेबल होतं. विमान नव्हतं."

तेव्हा कुठे त्याने बूट काढले आणि म्हणाला, "तो म्हणतो, मी उठून गेलो असतो तर कंपनीने सगळ्यांनाच घरी बसवलं असतं. मला एकट्याला वाचवत बसायला वेळ नव्हता, म्हणून विमान वाचवलं, म्हणतो. तसंही असेल. त्याला त्या क्षणी जे सुचलं ते त्याने केलं."

करार पक्का व्हायला सगळ्या वैमानिकांचं मतदान बाकी होतं, पुढच्या रविवारी. प्रथा अशी की प्रमुखाने उभं राहून सांगायचं, समितीने केलंय ते मान्य करा. नवऱ्याने ते भाषण लिहायला घेतलं. स्वतःच्या पायाखालची फळी काढायची शिफारस हा माणूस शुद्ध अक्षरात लिहीत होता, कारण जोडीदाराला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं नाही.

गुरुवारी मला मुख्य विमानतळाजवळच्या वसाहतीतून बोलावणं आलं. तिथे मोठ्या कंपनीच्या जेट कॅप्टनांना घरं मिळतात. त्यातल्या एकाची बायको. मोठी बोलकी बाई. "आता आपण एकच कुटुंब ना, म्हटलं तुमच्याकडूनच शिवून घ्यावं." मी टेप काढली, खोल्या बघितल्या. दोन ऐसपैस खिडक्या. दाराजवळ आले आणि थांबले. उंचीला माणसाएवढी, रुंदीला वीतभर.

"ही एक बावळट खिडकी," बाई म्हणाल्या. "आमच्या सगळ्या घरांना आहे. कुणी कागद चिकटवतं, कुणी कपाट लावून टाकतं. समोर बघा, त्यांनी मात्र पडदा किती छान बसवलाय."

मी समोर बघितलं. हिरवट राखी कापड. खालच्या पट्टीला दुहेरी टीप, ती मी घालते, म्हणजे झोळ येत नाही.

"कोण राहतं तिथे?"

"अजून राहायला आले नाहीत. तुमच्याच कंपनीतले कॅप्टन आहेत की. महिना झाला असेल किल्ली घेऊन. बाई येऊन पडदे लावून गेली, मग कुणी नाही."

महिना. करार होऊन आठवडाही झाला नव्हता. मी खिडकीचं माप पुन्हा घेतलं. गरज नव्हती, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

घरी आले तेव्हा नवरा रविवारसाठी शर्टाला इस्त्री करत होता. मी सगळं सांगितलं, आधी टायवरची चेष्टा, मग किल्ली. त्याने इस्त्री बंद केली, प्लग काढला, वायर नीट गुंडाळली. असल्या वेळीही त्याचा क्रम चुकत नाही.

"पडदे तुझेच कशावरून?"

"तुमचं लँडिंग तुम्ही ओळखाल ना?"

तो खाली बसला. "म्हणजे त्याने माझ्याकडून कंट्रोल मागितला तेव्हा विमान केव्हाच उतरलं होतं."

"रविवारी सांगून टाका सगळ्यांना."

"काय सांगू? हॉलमध्ये उभा राहून दोन बायकांच्या पडद्यांविषयी बोलू?"

"बोला. कापडाचा तुकडा शिल्लक आहे माझ्याकडे, देते."

"नको." मग बराच वेळ त्याने शर्टाची कॉलर बोटांनी सरळ केली. "मी कंट्रोल परत मागेन. रीतसर. तो देईल. अगं, कितीही झालं तरी तेवढं तो देईल."

मी भाषणाचा कागद उचलून टोपलीत टाकला. त्याने अडवलं नाही.

रविवारी हॉल भरलेला. घरच्यांना मागच्या रांगांत बसायला परवानगी होती. धाकटी दोन रांगा पुढे होती. एकदा मान वळवून हसली, मग तिला पर्समध्ये काहीतरी सापडेनासं झालं. पुढे टेबलाशी तिघं बसलेले, माइक भावजीसमोर. आधी तो बोलला. कठीण काळ, व्यापक हित, सगळ्यांचं भविष्य. त्याच्या तोंडी हे शब्द नवे होते. नवी कंपनी शब्दसुद्धा नवे देत असावी.

मग नवरा उभा राहिला. लोकांकडे बघितलंच नाही. भावजीकडे वळला आणि विमानात म्हणतो त्याच आवाजात म्हणाला, "कंट्रोल माझा."

हॉलमध्ये सगळे वैमानिक. कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. खुर्च्यांची करकर थांबली. भावजीने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

नवरा वाट बघत होता. मला मागून ओरडावंसं वाटलं, अहो, घ्या ना, हातभर लांब आहे तो माइक. पण त्याच्या हिशेबात समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय काही घेता येत नव्हतं. तो हिसकावणारा असता तर मुळात त्या टेबलावर हात मांडीवर ठेवून बसलाच नसता.

"कंट्रोल माझा," तो दुसऱ्यांदा म्हणाला.

भावजी माइककडे वाकला. "कॅप्टनसाहेब दमलेत," तो म्हणाला. "आपण मतदान घेऊन टाकू."

दादाचे कॅप्टनसाहेब झाले, तेही त्यांचं कॅप्टनपद काढून घ्यायच्या दिवशी.

नवरा तेव्हा लोकांकडे वळला. माइकशिवाय बोलला, तरी मागेपर्यंत ऐकू आलं. "हा करार मी केलेला नाही. माझं मत विरोधात आहे." बस्स, आणि खाली बसला.

हात वर झाले. मी मागून मोजत होते. मतं नव्हे, माणसं. याने आमच्याकडे परीक्षेच्या आधी मुक्काम ठोकला होता. याला पहिल्यांदा एकट्याने विमान चालवल्यावर नवऱ्याने स्वतःचं घड्याळ दिलं होतं. ते घड्याळ मनगटावर होतं आणि मनगट वर होतं. को-पायलटांना पगारवाढ मिळणार होती, घरी हप्ते होते, त्यांचंही मी समजू शकते. काहींनी हात अर्धाच वर केला, खांद्यापर्यंत, म्हणजे मोजणाऱ्याला दिसावा आणि नवऱ्याला दिसू नये. विरोधात जुने कॅप्टन तेवढे राहिले. जुने किती असणार.

परतताना नवरा गाडी चालवत होता. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "उत्तर दिलं नाही त्याने."

मला वाटलं, हरल्याविषयी बोलेल, खुर्चीविषयी बोलेल.

"विमान हेलकावे खात असताना, उलटी होत असतानासुद्धा तो उत्तर द्यायचा," नवरा म्हणाला. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे त्याने गाडी पुढे काढली.

महिनाभराने त्याने कोट माझ्यासमोर आणून ठेवला. मी उसवणी घेतली आणि दोन्ही बाह्यांची चौथी पट्टी उसवली. खालचं कापड गर्द निळं निघालं. बाकीचा कोट इतक्या वर्षांच्या उन्हाने विटला होता. बाहीवर पट्टी गेली तरी पट्टीची जागा राहिली.

"बाही बदलून देते."

"राहू दे. कॉकपिटमध्ये कोण बघतंय."

"शेजारचा बघेल."

"म्हणूनच राहू दे," तो म्हणाला.

जेटचं शिक्षण झालं. नवरा उजवीकडे बसून उडू लागला, पोरवयाच्या कॅप्टनांच्या शेजारी. ते बिचारे त्याला सर म्हणत आणि कानकोंडे होत. मधल्या काळात धाकटीचे फोन येत होते, मी घेत नव्हते. आणि मग एका आठवड्याच्या वेळापत्रकात दोन नावं एकाखाली एक आली. डावीकडे भावजी, उजवीकडे नवरा.

"बदलून मागा," मी म्हटलं.

"कशाला? काम आहे."

त्या दिवशी तो परत येईपर्यंत मी एकाच पडद्याची चुणी तीनदा उसवली. तो आला, हातपाय धुतले, ताटावर बसला. मी कळ काढली, भात वाढेपर्यंत.

"बोलला काही?"

"दहा हजारांच्या वर गेल्यावर बोलला. हवा, पेट्रोलचे भाव, मुलांच्या परीक्षा. मग म्हणाला, वहिनी रागावल्यात का? हिचा फोन घेत नाहीत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, रागावली नाही. फक्त विचारत होती, दाराजवळचा तो टायएवढा पडदा नीट बसला का."

माझा डाव भांड्यातच राहिला. "मग?"

"मग काही नाही. बाहेर बघत बसला. बाहेर ढग होते नुसते." नवऱ्याने आमटी ओतून घेतली. "खाली यायला लागलो तेव्हा बरं वाटलं असेल त्याला. तिथून पुढे गप्प बसायचा नियमच आहे."

"उतरवलं कुणी?"

"त्यानेच घेतलं होतं उतरवायला. पण आडवा वारा होता. धावपट्टी समोर दिसत होती आणि याच्याकडून विमान सरळ राहीना. शेवटी म्हणाला, कंट्रोल तुमचा."

हॉलमधली ती बाटली, ते झाकण, दोन वेळा मागून न मिळालेलं उत्तर, सगळं माझ्या डोक्यात हजर होतं. मी असते तर मोजून तेवढाच वेळ गप्प राहिले असते.

"तुम्ही काय केलंत?"

"म्हटलं, कंट्रोल माझा. लगेच म्हटलं. उत्तर द्यायचं असतं."

तो जेवत राहिला. मी वाढायचं विसरले होते, त्याने हात लांब करून भाजी स्वतःच घेतली.

"प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "कुणाला कळलंसुद्धा नाही, कोणी उतरवलं ते."